अथर्वशीर्ष पाठ कसं करायचं: आधी कान, मग तोंड, पुस्तक सगळ्यात शेवटी

दरवर्षी श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतोच, कोणाकडे अथर्वशीर्षाची पीडीएफ आहे का, आणि मग पाच जण पाच वेगळ्या पीडीएफ टाकतात. मी ठाण्याला नौपाड्यात राहते, गेली काही वर्षं गणपतीच्या आधी बिल्डिंगमधल्या लोकांना अथर्वशीर्षाची संथा देते, म्हणजे तोंडी म्हणून शिकवते, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

आधी मी हे कशामुळे करायला लागले ते सांगते. एका चतुर्थीला संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये आवर्तनं चालू होती, चाळीसेक माणसं, सगळ्यांच्या हातात ती खिशात मावणारी छोटी पुस्तकं, आणि मध्येच लाइट गेली. मोबाईलचे टॉर्च लागेपर्यंत अर्धा मिनिट गेला असेल पण तेवढ्यात सगळा हॉल गप्प झाला. एकटे तिसऱ्या मजल्यावरचे काका डोळे मिटून पुढे म्हणत राहिले, त्यांना लाइट गेल्याचं कळलंच नव्हतं. मी तोवर वीस वर्षं रोज अथर्वशीर्ष म्हणत होते. रोज. आणि तरी मी थांबले, कारण मी म्हणत नव्हते, वाचत होते. पुढच्याच आठवड्यात काकांना म्हटलं, काका मला पहिल्यापासून शिकवा, आणि पुस्तक बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसले.

पाणिनीय शिक्षा म्हणून उच्चारशास्त्राचा जुना ग्रंथ आहे, त्यात वाईट पाठ करणाऱ्यांचे सहा प्रकार दिलेत: गाण्यासारखं म्हणणारा, घाईघाईने म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, लिहिलेलं बघून म्हणणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि ज्याचा आवाजच फुटत नाही असा. चौथा बघा, लिखितपाठक. म्हणजे आज आपण ज्याला पाठ म्हणतो तो त्या लोकांच्या हिशोबात दोषच होता.

आता पद्धत. संथा म्हणजे गुरुजींनी एक तुकडा एकदा म्हणायचा आणि आपण तो तसाच दोनदा म्हणायचा, बास. तुकडा एका श्वासात मावेल एवढाच. "त्वमेव केवलं कर्ताऽसि", दोनदा. "त्वमेव केवलं धर्ताऽसि", दोनदा. मग दोन तुकडे जोडून, मग चार, मग अख्खी कंडिका, म्हणजे एक छोटा परिच्छेद. चुकलं तर शिकवणाऱ्याने तिथेच थांबवायचं आणि तेवढाच तुकडा परत द्यायचा, पुढे जाऊ द्यायचं नाही, कारण चुकीचं एकदा जिभेवर बसलं की काढायला दुप्पट वेळ लागतो (माझी स्वतःची वीस वर्षांची सवय मोडायला पूर्ण चातुर्मास गेला). पहिल्या दिवशी फक्त पहिली कंडिका, "त्वं साक्षादात्माऽसि नित्यम्" पर्यंत. मूळ दहा कंडिका आणि पुढे फलश्रुती (पठणाचं फळ सांगणारा भाग) आहे, रोज थोडं थोडं केलं आणि दर चौथ्या दिवशी नवीन काही न घेता नुसतं मागचं घोकलं तर पाच-सहा आठवड्यात आरामात होतं. कागद बघायचाच नाही असं नाही, पण तोंडात बसल्यावर बघा, पडताळायला.

शिकवणारं माणूस मात्र एकच ठेवा आणि प्रतही एकच. छापील पुस्तकांमध्ये पाठभेद आहेत, काहींत "गुणत्रयातीतः" नंतर "अवस्थात्रयातीतः" येतं, काहींत येत नाही. दोन्ही म्हणणारी माणसं श्रद्धेनेच म्हणतात, कोण बरोबर म्हणून भांडू नका, पण एका गटात दोन पाठ आले की सगळे तिथे अडखळतात. यूट्यूबचंही तसंच. गायलेलं अथर्वशीर्ष ऐकायला छान वाटतं पण त्यात चालीसाठी ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, त्यावरून पाठ करू नका. आणि उद्या पुरुषसूक्त वगैरे शिकायला घ्याल तर अजून सांभाळा, वेदाच्या शाखेप्रमाणे, म्हणजे पठणाच्या परंपरेप्रमाणे, उच्चार बदलतात. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे लोक "सहस्रशीर्षा पुरुषः" ला "सहस्रशीर्खा पुरुखः" म्हणतात, कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचं रेकॉर्डिंग ऐकलं तर काही ठिकाणी अनुस्वाराचा चक्क "गुं" ऐकू येतो. हे चुकलेलं नाहीये, त्यांची परंपराच तशी आहे, फक्त आपण अर्धं इथलं अर्धं तिथलं असं करायचं नाही.

उच्चारांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आपल्या मराठी जिभेचे काही ठरलेले खड्डे आहेत. मराठीत च आणि ज दोन-दोन आहेत, चारामधला वेगळा आणि चारमधला वेगळा, संस्कृतात फक्त तालव्य, म्हणजे टाळूला जीभ लावून म्हणायचा. त्यामुळे "त्वं चत्वारि वाक्पदानि" मधला च चारचा. "त्वत्तो जायते" म्हणताना सगळ्यांच्या तोंडात "जायचंय" मधला ज येतो, तिथे जीवमधला ज पाहिजे. आणि "अव चोर्ध्वात्तात्" इथे तर शंभर टक्के चोराचा च येतो, दहा वेळा नुसतं "चो" म्हणून घ्या, चिंचेतल्या च ने सुरुवात करून. मग "ब्रह्म". आपण बोलताना ब्रम्ह म्हणतो, पण आधी ह आहे, छातीतून, आणि मग म. "वच्मि" मध्ये च ला पूर्ण अ लावायचा नाही. विसर्ग म्हणजे मागच्या स्वराचा हलका प्रतिध्वनी, म्हणून "विष्णुः" चा शेवट हु कडे आणि "शांतिः" चा हि कडे, सगळीकडे हा नाही. आणि त्वं! हा शब्द इतक्यांदा येतो आणि दर वेळी त्याचं नाक बदलतं, "त्वं गुण" मध्ये अनुस्वार कंठातला, "त्वं चत्वारि" मध्ये टाळूचा, "त्वं देह" मध्ये दातांचा, "त्वं मूलाधार" मध्ये ओठांचा. हे नियम म्हणून पाठ करू नका, हळू म्हटलं की पुढच्या अक्षराकडे जीभ आपोआप वळते, घाई केली की सगळीकडे सपाट "त्वम" होतं.

आता स्वरांचं, म्हणजे म्हणतानाच्या आवाजाच्या चढ-उताराचं, थोडक्यात. काही प्रतींमध्ये अक्षराखाली आडवी आणि वर उभी रेघ असते, खालची अनुदात्त, वरची स्वरित, रेघ नसलेला उदात्त. घरी बहुतेक लोक सरळ एका सुरात म्हणतात आणि तसं म्हटलं तरी चालतं असं काका सांगायचे, पण स्वरांसकट शिकायचं असेल तर रेघा बघून स्वतःच वर-खाली करू नका, समोर बसवून शिकवणारे गुरुजी शोधा.

आता सगळ्यांची अडायची जागा, "अव पश्चात्तात्, अव पुरस्तात्". आमचा हॉल गप्प झाला तो इथेच. सहा दिशांचा क्रम कोणाला राहत नाही. यावर आम्ही गच्चीत सकाळी ७ वाजता उभे राहतो, पूर्वेला तोंड करून, म्हणजे समोर खाडी. पश्चात्तात् म्हणजे मागे येऊरचे डोंगर. पुरस्तात् समोरची खाडी. उत्तरात्तात् डावीकडे घोडबंदर, दक्षिणात्तात् उजवीकडे मुलुंड. मग ऊर्ध्वात् हात वर आणि अधरात् हात खाली, आणि "सर्वतो मां पाहि पाहि समंतात्" ला स्वतःभोवती पूर्ण गिरकी. लहान मुलं तर तीन दिवसात पाठ करतात पण मोठ्यांनाही लाज न बाळगता हात दाखवायला लावा, एकदा अंगात बसलं की मग हात नाही हलवले तरी येतं. पठणाच्या वेळी अर्थातच शांत बसून.

विसरायला कुठे होतं ते नीट पाहिलंत तर लक्षात येईल की ओळीच्या मध्ये कोणी विसरत नाही, दोन तुकड्यांच्या सांध्यावर विसरतात. आपल्या वैदिकांना हे हजारो वर्षांपूर्वी कळलेलं होतं. ऋग्वेदाचा पहिला मंत्र "अग्निमीळे पुरोहितम्" असा सुरू होतो (त्यात आपला ळ आहे बघा). क्रम, जटा, घन या वेद तोंडपाठ ठेवायच्या पद्धती. क्रमपाठात तोच "अग्निमीळे, ईळे पुरोहितम्, पुरोहितं यज्ञस्य" असा दोन-दोन पदांनी (शब्दांनी) साखळीसारखा जातो. जटेत सरळ, उलट, परत सरळ, "अग्निमीळ ईळेऽग्निमग्निमीळे". घनात तर १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असं प्रत्येक पद पुढचं-मागचं धरून इतक्यांदा येतं की एखादं अक्षर पडलं किंवा घुसलं तर लगेच पकडलं जातं. दहा हजारांवर ऋचा अशा तोंडातून कानात, कानातून तोंडात टिकल्या, २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत वेदपठण आलं ते काही उगाच नाही. अथर्वशीर्षाचं घन करायचं नाहीये आपल्याला, पण युक्ती घ्या: प्रत्येक कंडिकेचा शेवटचा तुकडा आणि पुढचीचा पहिला तुकडा अशी जोडी वेगळी घोका. "ब्रह्मासि, त्वं साक्षादात्माऽसि नित्यम्, ऋतं वच्मि". मी हे लोकलमध्ये ठाणे ते दादर उभ्याने, ओठ न हलवता करते, गर्दीत पुस्तक उघडता येत नाही हेच बरं आहे.

डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे, वय झालंय म्हणून मागे राहणाऱ्यांना मुद्दाम बोलवा. आमच्याकडे एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना वाचायची बंदी होती म्हणून त्या फक्त ऐकायला बसल्या. सहाव्या आठवड्यात आख्ख्या बॅचमध्ये एकही अक्षर न चुकता म्हणणाऱ्या त्या पहिल्या. त्या दिवशी काकांनी उठून त्यांना नमस्कार केला, मला अजून ते आठवलं की भरून येतं.

सामूहिक आवर्तनं करताना फलश्रुती दर वेळी म्हणायची नाही, शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच. वेग सगळ्यात हळू माणसाचा धरायचा. आणि चतुर्थीच्या आधीच्या रविवारी आम्ही परीक्षा घेतो, ती अशी: खोलीतला लाइट बंद, पुस्तकं बाहेर, एक म्हणणार आणि एक फक्त ऐकणार. अडलं तर ऐकणाऱ्याने अख्खी ओळ सांगायची नाही, पहिलं अक्षर फक्त द्यायचं आणि थांबायचं, पाच सेकंद, दहा सेकंद, पुढचं म्हणणाऱ्याचं त्याला येऊ द्यायचं. मग जागा बदलायच्या. "अव वक्तारम्, अव श्रोतारम्" (म्हणणाऱ्याचं रक्षण कर, ऐकणाऱ्याचं रक्षण कर) म्हणताना मी हल्ली त्या समोर बसलेल्या ऐकणाऱ्याकडेच बघते. गेल्या वर्षी काका नव्हते, त्यांच्या जागी आजी ऐकायला बसल्या होत्या.