घरासाठी दुसरी गाडी घेताय? मग या चुका टाळा

दसरा-पाडव्याच्या आधी सांगलीतल्या माझ्या गॅरेजवर हमखास फोन येतात. "गाडी ठरली, इसार दिला, आता तुम्ही फक्त एकदा नजर टाका." इसार दिल्यावर नजर टाकून काय उपयोग? खोट सांगितली तरी माणूस म्हणतो, "आता दिलेत पैसे, बघू पुढं." म्हणून आधीच सांगतो. मुहूर्त दरवर्षी येतो, गाडी मात्र पुढची पाच-सात वर्षं दारात राहते. घाईत असाल तर यंदा घेऊच नका.

इथे मी घरातल्या दुसऱ्या गाडीबद्दल बोलतोय. पहिली गाडी कर्ता माणूस कामावर नाहीतर शेतावर नेतो. दुसरी लागते ती पोरांची शाळा, मिरजेचा दवाखाना, बाजार आणि आई-वडिलांना कुठं न्यायचं-आणायचं यासाठी. बजेट बहुतेकांचं दोन ते चार लाख, म्हणजे वापरलेलीच गाडी. तिने रोज सकाळी एका स्टार्टमध्ये चालू व्हावं, तिचे पार्ट सांगलीत त्याच दिवशी मिळावेत आणि चालवणाऱ्याला तिची भीती वाटू नये. बाकी सनरूफ, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील हे सगळं नंतर.

पुरातली गाडी न ओळखणं

आपल्या भागात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कितीतरी गाड्या पार्किंगमध्येच बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी भंगाराच्या भावात कुणीतरी उचलतो. ती धुतो, वाळवतो, वर नवे सीट कव्हर चढवतो आणि पूर न पाहिलेल्या गावात नेऊन विकतो.

विट्याकडचे एक सर आहेत. नवरा-बायको दोघं नोकरीला, म्हणून मॅडमसाठी वेगळी गाडी हवी होती. २०२२ च्या दसऱ्याला त्यांनी एका डीलरकडून पांढरी हॅचबॅक घेतली. पासिंग एमएच १० म्हणजे सांगलीचं, रनिंग कमी, आतून चकाचक आणि बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त. सर खूश होते. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, काही त्रास नाही. पुढच्या जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि गाडी वेड्यासारखं करायला लागली. काच आपोआप खाली यायची, एअरबॅगचा दिवा लागायचा, कधी चावी फिरवली तरी नुसता टक् आवाज. तिकडं दोन ठिकाणी बॅटरी आणि स्टार्टर बदलून झाले, तेव्हा सर गाडी टोइंगवर टाकून माझ्याकडे आले.

मी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि ओढत गेलो, अगदी शेवटपर्यंत, पुढं येईना झाला तोपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी तपकिरी रेघ होती. पाणी तिथवर चढलं होतं. मग पायाखालचं कार्पेट उचललं तर खालच्या फोममध्ये वाळलेला गाळ, बोटानं चुरला की मैद्यासारखा बारीक. सीटचे रूळ गंजलेले. डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर सोडवला, तर तांब्याच्या पिना हिरव्या पडलेल्या. वाळलेल्या गाडीत उन्हाळाभर हे गप्प बसतं. पावसाळी दमट हवा लागली की हिरव्या पिना करंट इकडचा तिकडं सोडायला लागतात.

सरांनी डीलरला फोन लावला. उत्तर आलं, "सर, तुम्ही बघूनच घेतली होती ना?" वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, आणि एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बदलावं लागलं. वाचवलेल्या चाळीस हजारांच्या दुपटीहून जास्त गेले, वर मॅडमचा त्या गाडीवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

तेव्हापासून कोणतीही गाडी बघताना मी आधी सीट बेल्ट ओढतो, इंजिन नंतर. बेल्ट नवाकोरा आणि बाकी गाडी आठ वर्षांची, तरीही संशय घ्यायचा. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघतो, कारण धुणारा तिथं आळस करतो. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात माती आहे का, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंना गंज आहे का, हेही बघा. आत शिरताच सेंटचा भपकारा आला तर खिडक्या बंद करून दहा मिनिटं नुसतं बसा. कुबट वास वर येतोच.

आणखी एक गोष्ट कुणी बघत नाही, ती म्हणजे जुन्या पॉलिसी. पूर आला त्याच्या पुढच्या वर्षीची पॉलिसी मागून घ्या. आधी ३५-४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट) होता आणि त्या वर्षी एकदम शून्य झाला, तर क्लेम घेतलेला असू शकतो. मालक बदलला की बोनस शून्य होतो हे खरं, मग मालक कधी बदलला ते आरसीवर ताडून बघा. जुनी पॉलिसी "सापडत नाही" म्हणणाऱ्याच्या दारातून मी परत फिरतो.

चालवणार एक, ट्रायल घेणार दुसरा

गाडी बायकोसाठी, सुनेसाठी किंवा वडिलांसाठी असते. बघायला येतात नवरा, मेव्हणा आणि एक मित्र. ज्यांना रोज चालवायची आहे त्या घरी पोहे करत असतात! हे मला मनापासून खटकतं. ज्यांची गाडी त्यांनाच स्टिअरिंगवर बसवा. क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवरून सुटते का, बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का, गावभागातल्या बोळातून वळताना हात अवघडतो का, हे त्यांनाच कळणार. उंचीने कमी असलेल्या बाईला उंच सीटची वॅगनआर जशी जमते तशी एखादी खोलगट सेडान जमत नाही, मग सेडान कितीही भारी दिसो. गिअरची भीती असेल तर एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, बघायला हरकत नाही. पण एएमटीलाही क्लच प्लेट असते आणि ती झिजते, हे लक्षात ठेवूनच भाव करा.

ट्रायल शंभर फुटी रोडवर सरळ पळवून होत नाही. स्पीड ब्रेकर आणि खड्डे असलेला रस्ता घ्या, एसी आणि रेडिओ बंद ठेवा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, काम आलं.

"डिझेलच घ्या, एव्हरेज चांगला"

हा सल्ला देणारा चुलत भाऊ प्रत्येक घरात असतो. पहिली गाडी रोज पुण्याला जात असेल तर त्याचं बरोबर आहे. दुसऱ्या गाडीला हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. हिशोब बघा. शाळा-बाजार मिळून महिन्याला ४०० किलोमीटर धरा. पेट्रोल गाडी गावात १६ चा एव्हरेज देते, म्हणजे २५ लिटर. डिझेल २० चा देते, म्हणजे २० लिटर. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर महिन्याला फरक पडतो ७८५ रुपयांचा, वर्षाला साडेनऊ हजारांच्या आत. एक इंजेक्टर किंवा टर्बो गेला की असली काही वर्षांची बचत एका दिवसात जाते.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, डिझेल गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो धुराची काजळी अडवतो. ती काजळी जाळायला फिल्टर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो हायवेवर सलग पळाल्यावर. विश्रामबाग ते शाळा, शाळा ते घर, मध्ये इंजिन बंद, अशा वापरात काजळी साठत जाते. मग मीटरवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि काजळी जाळायच्या अर्धवट प्रयत्नात न जळलेलं डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. लोक दिव्याकडे दुर्लक्ष करतात आणि गाडी लिम्प मोडमध्ये गेल्यावर, म्हणजे इंजिन वाचवायला तिने स्वतःच ताकद कमी केल्यावर, आणतात. कुणी फिल्टर काढून पाइप टाकून द्या म्हणतो. मी ते काम करत नाही. ते बेकायदेशीर आहे, आणि तो धूर आपल्याच पोरांच्या शाळेच्या गेटवर सुटतो.

लहान पेट्रोल इंजिन घ्या. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, टियागो यांची कामं इथल्या कुठल्याही मिस्त्रीला येतात. सीएनजी चालेल, पण किट आरसीवर चढवलेलं हवं आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी टेस्ट झालेली हवी. सिलिंडरने डिकीतली जागा गेली म्हणून नंतर तक्रार करू नका.

या बारीक गोष्टीही लोक सोडून देतात

गाडी सकाळी थंड असताना बघा. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावं, कारण खरा धूर आणि खरा आवाज पहिल्या स्टार्टलाच असतो.

मीटरवर ३५ हजार आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटर मागे घेतलंय. सर्व्हिस रेकॉर्ड काढा.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असलं जुनं रबर मी ठेवू देत नाही, चार टायरचे पैसे भावातून कमी करून घ्यायचे.

गाडीत लहान मुलं बसणार असतील तर जुलै २०१९ नंतर बनलेली बघा. तेव्हापासून ड्रायव्हर एअरबॅग, सीट बेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सगळ्या कारना सक्तीचे झाले. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग हवी असेल तर २०२२ पासूनची बघा.

दोन-तीन वर्षं जुन्या गाडीचा भाव करण्याआधी नवीचा आजचा ऑन-रोड भाव विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि काही विक्रेते अजून जुन्या किमतीवरून हिशोब सांगतात. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नवीपेक्षा जास्त असतो. पूर्ण मुदतीची बेरीज करून बघा, कधी नवीच परवडते.

कागद "नंतर करू" म्हणणं

नंतर कधीच होत नाही. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कर्ज, विमा आणि आरसीची मुदत बघा, ई-चलन वेगळं तपासा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच दोन वर्षं फिरवणारे खूप आहेत. त्यांना वाटतं खर्च वाचला. विमा आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस दिलेत. तो केला नाही आणि गाडी ठोकली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. आणि विकणाऱ्यानेही निवांत राहू नये. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

माझी पद्धत सांगतो. ठरलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार आरसी नावावर होईपर्यंत हातात ठेवायचे, आणि तसं कागदावर लिहून दोघांनी सही करायची. खरा विकणारा याला नाही म्हणत नाही. गाडी ताब्यात घेताना दुसरी चावीही मागून घ्या. नव्या गाड्यांची चिपवाली चावी बनवायला काही हजार लागतात, आणि जुन्या मालकाकडे आपल्या गाडीची चावी राहता कामा नये.