कव्हर लावलं की वायरलेस टेंपरेचर सेन्सर गायब

११ केव्ही (११,००० व्होल्ट) पॅनेल, बसबारच्या (वीज वाहणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्यांच्या) जॉइंटवर बॅटरीचे सेन्सर. शटडाउनमध्ये कव्हर उघडं असताना रीडिंग व्यवस्थित. कव्हर आवळलं की स्क्रीनवर नुसत्या रेघा. बॅटऱ्या बदलल्या, रिसीव्हर जवळ आणला, पेअरिंग नव्याने केलं. डोकं पिकलं.

चहूबाजूंनी बंद, जमिनीशी जोडलेला (अर्थिंग केलेला) पत्रा रेडिओ सिग्नल बाहेर सोडतच नाही. म्हणून पुन्हा शटडाउन, एचव्ही (हाय व्होल्टेज) डिटेक्टरने वीज नसल्याची खात्री, मग अर्थिंग. अँटेना सेन्सर असलेल्याच चेंबरच्या (बंद कप्प्याच्या) आतल्या पत्र्यावर, लाइव्ह भागापासून उत्पादकाने सांगितलेलं अंतर राखून, स्क्रूने आवळला (चुंबकाच्या बुडावर माझा भरवसा नाही). अँटेनाची कोॲक्स केबल पत्र्यालगत क्लिप करून मेटल ग्लँडमधून (केबल पत्र्यातून नेताना घट्ट धरणाऱ्या धातूच्या बुचातून) कंट्रोल चेंबरमधल्या रिसीव्हरला जोडली. भोकाचा लोखंडी कीस व्हॅक्यूमने काढला. सगळे बोल्ट आवळल्यावरच सिग्नल तपासला. केबल चेंबरला (केबल जोडतात त्या कप्प्याला) अँटेना वेगळा लागतो. मधला पत्रा तिथेही आडवा येतो.