नाट्यशास्त्राला प्रवेश घेतलाय? या चुका टाळा

दर वर्षी नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "इथं काय शिकायला आलात?" जवळपास सगळा वर्ग म्हणतो, "अभिनय." एखाद-दुसरा दबकत "दिग्दर्शन" म्हणतो. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, लेखन, निर्मितीव्यवस्था यांचं नावही कुणी घेत नाही. तीन वर्षांनी त्याच मुलांना घेऊन बसलं की कळतं, प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष उभं राहण्याचे तास अगदी थोडे होते. बाकीचा सगळा काळ विंगेत, तालमीच्या खोलीत, ग्रंथालयात आणि दुसऱ्याचं काम बघण्यात गेला. मुलं चुकतात ती याच काळात. खाली लिहिलेल्या चुका मी विद्यार्थी असताना स्वतः केल्या आहेत किंवा माझ्या विद्यार्थ्यांना करताना पाहिल्या आहेत.

प्रवेशाच्या वेळी

पुण्याचं ललित कला केंद्र असो, कलिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स असो, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग असो की पणजीची कला अकादमी, निवडीच्या वेळी काहीतरी करून दाखवावं लागतंच. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येतो आणि सगळं गमावलेल्या म्हाताऱ्याचं गाजलेलं स्वगत सुरू करतो. ते स्वगत त्यानं संहितेतून उचललेलं नसतं, मोबाइलवर एखाद्या मोठ्या नटाचं ऐकून घेतलेलं असतं. चढ-उतार त्या नटाचे, थांबण्याच्या जागाही त्याच्याच. परीक्षकांना या मुलाबद्दल काहीच कळत नाही. तुमच्या वयाचं, तुमच्या ओळखीच्या जगातलं पात्र घ्या. संहिता पूर्ण वाचून जा, कारण "याच्या आधीच्या प्रवेशात काय घडलं?" हा प्रश्न हमखास येतो. आणि मध्येच थांबवून "हेच आता भांडी घासता घासता म्हण" असं सांगितलं, तर गोंधळू नका. तुम्ही सूचना ऐकून बदलू शकता का, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

"शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही"

ही तक्रार आली की मुलं आवाज चढवतात. आवाज चढवला की घसा ताणतो, घसा ताणला की शब्द आणखी पसरतात. मग तिसऱ्या प्रयोगाला आवाज बसतो, खडीसाखर आणि ज्येष्ठमध सुरू होतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मूळ दुखणं बहुतेक वेळा श्वासाचं असतं, आणि मराठी नटाला ते विशेष नडतं. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. नकार त्याच्याही नंतर येतो. "मी उद्या तुझ्या घरी येणार नाही" या वाक्यात श्वास "येणार"पाशी संपला, तर प्रेक्षक ऐकतो की हा येणार आहे. प्रसंगाचा अर्थ उलटा होतो. दिग्दर्शक "वाक्य खाल्लंस" म्हणतो तेव्हा नव्वद टक्के वेळा शेवटचे दोन शब्दच खाल्लेले असतात. उपाय साधा आहे. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पहिला मानून उलटीकडून पाठ करा, म्हणजे शरीराला तिथपर्यंत श्वास पुरवायची सवय लागते. सकाळी पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे आपला सगळ्यांत खालचा सूर, लावा. पाठीवर झोपून पोटावर पुस्तक ठेवा आणि ते वर-खाली होतंय का पाहा. छातीच हलत असेल तर श्वास अजून उथळ आहे.

त्यातच उच्चारांकडे लक्ष द्या. "जगात जग" (दुनियेत जगत राहा) म्हणताना दोन्ही "ज" वेगळे आहेत, पहिला "जय"मधला तालव्य, दुसरा "जाड"मधला दंततालव्य. वर्तमानपत्रात हा फरक दिसत नाही, रंगमंचावर तो ऐकू आला पाहिजे. ळ आणि ल, ण आणि न यांचंही तसंच.

आवाज बसलाच तर कुजबुजून बोलू नका, त्यानं स्वरयंत्रावर ताण वाढू शकतो. गप्प राहा, पाणी प्या, वाफ घ्या. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. माझ्या एका विद्यार्थिनीनं स्पर्धा बुडेल म्हणून हे दोन महिने पुढे ढकललं. स्वरतंतूंवर गाठी निघाल्या आणि पुढचं अख्खं सत्र तिला मौनात काढावं लागलं. तिची ती पाटी घेऊन वर्गात बसलेली आकृती मला अजून दिसते.

सिद्धान्ताचा पेपर "काढणं"

परीक्षेच्या आदल्या रात्री आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावाचा) हे चार अभिनय पाठ करायचे, रशियाचे स्तानिस्लावस्की आणि जर्मनीचे ब्रेख्त या दोन दिग्दर्शकांमधले फरक दोन रकान्यांत लिहायचे आणि सकाळी विसरून जायचं. ही चूक मला सगळ्यांत जास्त टोचते, कारण सिद्धान्त हा मुळात कुणाच्या तरी तालमीतून निघालेला असतो.

एक उदाहरण देतो. भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाची मापं आहेत. मध्यम आकाराचा आयताकृती मंडप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट. म्हणजे ९६ फूट बाय ४८ फूट. त्यातला अर्धा भाग प्रेक्षकांचा. मी मुलांना हे माप मैदानावर फक्कीनं आखायला लावतो. मग एकाला मागच्या रेषेवर बसवतो आणि दुसऱ्याला रंगपीठाच्या, म्हणजे नट उभे राहतात त्या भागाच्या, कडेला उभं करतो. दोघांत ४८ फुटांचं अंतर. आता नेहमीच्या आवाजात बोल, भुवई उचल. दिसतं, ऐकू येतं. अंतर दुप्पट केलं की डोळ्यांतलं काही दिसत नाही आणि शब्द विरतात. याहून मोठा मंडप बांधू नका, तिथं पाठ्य अस्पष्ट होतं आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं भरतानं का सांगितलं, ते त्या क्षणी पायांना कळतं. मघाचा "ऐकू येत नाही"चा प्रश्नही तिथेच सुटायला लागतो. ज्यांनी हे माप फक्त वहीत लिहिलं त्यांना पाच गुण मिळतात, आणि ते तिथेच संपतात.

तसंच ब्रेख्तचं. परात्मभावाची, म्हणजे प्रेक्षकाला गुंतून न जाता विचार करायला लावण्याची, व्याख्या घोकण्यापेक्षा १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या 'घाशीराम कोतवाल'मधली माणसांची भिंत समजून घ्या. रांगेतली माणसं भिंत होतात, भिंत फिरते, पुन्हा माणसं होतात. वर्गातल्या दहा जणांना ओळीत उभं करून हे करून पाहा. आधी पाय चुकतील, मग ताल सापडेल, आणि भिंत कुणाला लपवते हा प्रश्न आपोआप पडेल.

"सगळं पाठ आहे, तरी प्रसंग उभा राहत नाही"

जुन्या नाटक कंपन्यांत नटाला त्याच्या भूमिकेपुरती नक्कल उतरवून मिळायची. आज पूर्ण संहिता मोबाइलवर असते, तरी मुलं स्वतःची वाक्यं पिवळी करून तेवढीच वाचतात. मग समोरच्याचं वाक्य चालू असताना डोळ्यांत वाट पाहणं दिसतं. पिवळी करायचीच तर समोरच्याची वाक्यं करा. आठवडाभर भूमिका बदलून तालीम करा.

बॅकस्टेज म्हणजे शिक्षा नव्हे

भूमिका मिळाली नाही की "बॅकस्टेज बघ" असं सांगितलं जातं, आणि मुलगा रुसून विंगेत मोबाइल काढतो. माझ्या मते पहिल्या वर्षाला भूमिका न मिळणं ही संधी आहे. विंगेतून नाटक चाळीस वेळा दिसतं. कुठली एन्ट्री कधी मरते, प्रेक्षक कुठं खोकतो, ब्लॅकआऊट अर्धा सेकंद लांबला की हशा कसा विझतो, हे तिथूनच कळतं.

आणि विंगेत अज्ञान धोक्याचं असतं. विद्यार्थी असताना एका महाविद्यालयाच्या सभागृहात आम्ही हजार वॅटचे तीन दिवे भिंतीवरच्या एकाच छोट्या सॉकेटवर जोडले. दुसऱ्या प्रवेशात जळका वास आला आणि पूर्ण अंधार झाला. कुणाला इजा झाली नाही, पण पडद्याचं कापड त्या सॉकेटपासून हातभर अंतरावर होतं. त्याचा विचार मी आजही करतो. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच साधा भागाकार सुचला नव्हता. वॅटला व्होल्टेजनं भागलं की अँपिअर मिळतात. १००० भागिले २३० म्हणजे जवळपास ४.३. सहा अँपिअरच्या सॉकेटवर असा एकच दिवा चालतो. सोळा अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर फार तर तीन, आणि त्याच सर्किटवर दुसरं काही नको. एलईडी दिवे खूप कमी वीज खातात, पण भाड्यानं आणलेल्या सामानात जुने हॅलोजनचे 'पार' (PAR) दिवे अजून येतात. मागची पाटी वाचा, बेरीज करा, सभागृहाच्या वीजतंत्र्याला विचारा आणि मगच जोडा.

दिव्यांबद्दलची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चेहरे दिसत नाहीत, नाहीतर सपाट दिसतात. कारण दिवे सरळ समोरून किंवा डोक्यावरून मारलेले असतात. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत शिकणाऱ्यासाठी अजूनही उत्तम आहे. दोन दिवे, समोरून डावी-उजवीकडे आणि वरून साधारण ४५ अंशांत, एकाला उबदार रंगाचं जिलेटिन (दिव्यासमोर लावायचा पारदर्शक रंगीत कागद), दुसऱ्याला थंड रंगाचं. चार दिवेच असतील तर रंगमंचाचे दोन भाग पाडा आणि तेवढ्यातच ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या जागा आणि हालचाली, बसवा. नटानंही आपला प्रकाश कपाळावर जाणवून घ्यायला शिकावं.

स्पर्धांचं वेड

१९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकतर्फे होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेनं मराठी रंगभूमीला किती माणसं दिली हे सांगायला नको. ती झिंग मीही अनुभवली आहे. पण नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानं एका एकांकिकेसाठी तीन महिने रात्री जागवाव्यात, सकाळचे शरीराचे आणि आवाजाचे वर्ग बुडवावेत आणि शेवटी हजेरी कमी पडली म्हणून परीक्षेचा अर्ज अडकावा, हे मला पटत नाही. वर्षाला एक स्पर्धा पुरेशी आहे. दुसरं नुकसान जास्त खोल असतं. टाळी कुठं पडते याचा हिशेब हाताला लागतो आणि प्रत्येक संहितेला तोच साचा लागू होतो: सुरुवातीला समूहाची धावपळ, मध्ये विनोद, शेवटी धक्का.

गावाची बोली दाबून टाकणं

चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेली मुलं पहिल्या महिन्यात आपली बोली लपवतात. मालवणकडची, खानदेशातली, बीडकडची मुलंही तेच करतात. प्रमाण मराठी शिका, ती लागणारच आहे. पण तिच्यासाठी घरची भाषा सोडू नका. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्र-रात्र नाटकं होतात, तिकीट काढून माणसं येतात. तिकडच्या एका मुलानं लहानपणापासून ती नाटकं मांडवात बसून पाहिली होती आणि दोन वर्षं आम्हाला सांगितलंच नव्हतं. ज्याच्या गावात दशावतार किंवा नमन-खेळे आहेत, त्यानं सुट्टीत घरी जाताना वही घेऊन जावं. प्रवेश कुठून होतो, वादक कुठं बसतो, प्रकाश कशाचा, नट संवाद आयत्या वेळी कसे रचतात, हे लिहून आणावं. ग्रंथालयात हे सापडणार नाही.

लेखकाची परवानगी

"कॉलेजचा तर प्रयोग आहे, कशाला परवानगी?" हे वाक्य दर वर्षी ऐकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेला सूट आहे, पण ती शिक्षक-विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच प्रेक्षक असतील तेव्हाची. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावलं किंवा खुल्या स्पर्धेत उतरलात की सूट संपली. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांची नाटकं मोकळी आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यांच्या लेखनाचे हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहतील. अनुवादाचा हक्क वेगळा असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. मूळ नाटक मोकळं असलं तरी अनुवादकाचं पत्र लागतं. नाव बदलून, दोन प्रवेश गाळून "आधारित" लिहिल्यानंही सुटका होत नाही. पत्र लिहा, लेखी उत्तर घ्या, मानधन विचारा. बहुतेक लेखक विद्यार्थ्यांना प्रेमानं परवानगी देतात. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगासाठी राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. त्यासाठी संहिता आधी पाठवावी लागते, म्हणून तालीम सुरू झाली की त्याच आठवड्यात ती पाठवा.

हे सगळे कागद एका फायलीत ठेवा: परवानगीची पत्रं, प्रमाणपत्रं, प्रत्येक प्रयोगाची जाहिरातपत्रिका, त्यात तुमचं नाव असलेली ओळ, तुमची ब्लॉकिंगची वही, दिव्यांचा आराखडा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी अर्ज कराल तेव्हा नाटकांतल्या सहभागाचा पुरावा मागतात. त्या वेळी चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रयोगाची पत्रिका शोधत मुलं जुन्या मित्रांना फोन करत बसतात. पत्रिका छापून आली की पहिली प्रत स्वतःच्या फायलीत घाला आणि मागे तारीख, नाट्यगृह आणि त्या दिवशी तुम्ही काय काम केलं ते लिहा, इस्त्री केली असेल तर तेही.