पीएमओ चालवताना या चुका टाळा: रिपोर्ट वेळेवर येतात पण प्रोजेक्ट लेटच का होतात?

बऱ्याच कंपन्यांमधे पीएमओ सुरू होतं ते एखादा मोठा प्रोजेक्ट अंगाशी आल्यावर. कस्टमरने झापलेलं असतं, एमडी चिडलेले असतात, मग ठरतं की आपल्याकडे एक प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस पाहिजे, दोन-तीन जण नेमले जातात, ज्याने पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेशन केलंय त्याला हेड करतात आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक्सेल शीट जाते, दर शुक्रवारी चार वाजेपर्यंत भरून पाठवा म्हणून. सहा महिन्यांनी बघितलं तर शीट नियमित येताहेत, डॅशबोर्ड छान दिसतोय, आणि प्रोजेक्ट आधी जेवढे लेट होत होते तेवढेच आताही होताहेत.

मी पुणे-चाकण पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कंपन्यांमधे हेच काम करतो, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, पण आयटी किंवा बांधकामातल्या लोकांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की पीएमओने निर्णय वेळेत घडवून आणायचे असतात, माहिती गोळा करायची ती फक्त त्यासाठी. खाली ज्या चुका लिहितोय त्या जवळजवळ सगळ्या हे विसरल्यामुळे होतात.

मीटिंग होते, पण काही ठरत नाही

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. तुमच्या मागच्या चार रिव्ह्यूचे मिनिट्स काढा आणि त्यात नक्की काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, एवढं असलेल्या ओळी मोजा. 'टीमने फॉलोअप करावा', 'लवकरात लवकर पूर्ण करावे', 'व्हेंडरशी बोलून घ्यावे' अशाच ओळी भरलेल्या असतील तर ती मीटिंग बातम्या ऐकण्याची झाली.

याचं मूळ रिपोर्टमधेच असतं. समजा एका पार्टच्या डायचं, म्हणजे साच्याचं, काम मागे पडलंय. शीटमधे लिहिलेलं असतं, 'डाय डेव्हलपमेंट सुरू आहे, व्हेंडरकडून थोडा उशीर.' हे वाचून प्लांट हेड काय करणार, व्हेंडरला फोन करा म्हणणार आणि पुढच्या ओळीवर जाणार. आता तीच गोष्ट अशी लिहून बघा: 'भोसरीच्या व्हेंडरकडे हीट ट्रीटमेंट अडकलीय, टी-वन ट्रायल (डायची पहिली चाचणी) १२ तारखेवरून २२ वर जातेय. पीपॅप सबमिशन (पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायची कागदपत्रं) ३० ला आहे, मधे आठ दिवस उरतात आणि आपल्याला लेआउट इन्स्पेक्शन (पार्टची सगळी मापं तपासणं) आणि कॅपेबिलिटी स्टडीला (मापं सातत्याने येतात का ते बघायला) दहा लागतात. पर्याय दोन. एक, हीट ट्रीटमेंट दुसरीकडून करून घ्यायची, खर्च वाढेल पण सहा दिवस वाचतात. दोन, कस्टमरशी बोलून पीपॅप पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला न्यायचं. गुरुवारपर्यंत ठरलं नाही तर पहिला पर्याय हातातून जाईल.' यावर पाच मिनिटात निर्णय होतो, कारण ठरवायला जे लागतं ते सगळं समोर आहे, आणि निर्णय नाही घेतला तर काय होईल तेही आहे.

पीएमओच्या माणसाने प्रोजेक्ट मॅनेजरबरोबर बसून हे लिहून घ्यायचं असतं, शीट आली का नाही यासाठी रिमाइंडर पाठवत बसण्यापेक्षा हा वेळ फार कामाचा आहे. आणि हा कागद मीटिंगच्या आदल्या दिवशी साहेबांच्या हातात पडला पाहिजे, मीटिंगमधे पहिल्यांदा ऐकलं की कुणीही म्हणणारच, बघून सांगतो. शिवाय कोण काय ठरवू शकतो हेही आधीच लिहून ठेवा, अमुक दिवसांपर्यंतचा उशीर किंवा अमुक रकमेपर्यंतचा जादा खर्च प्रोजेक्ट मॅनेजर स्वतः ठरवेल, त्याच्यावर गेलं तर स्पॉन्सर, म्हणजे प्रोजेक्टची जबाबदारी घेतलेला वरचा साहेब, त्याच्याही वर गेलं तर एमडी. हे लिहिलेलं नसलं की साध्या कुरिअरच्या खर्चासाठीसुद्धा माणसं वरच्याच्या होकाराची वाट बघतात.

सगळे प्रोजेक्ट हिरवे, आणि शेवटच्या महिन्यात एकदम लाल

रिपोर्टमधे हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे अडचण. पण हे चित्र कलिंगडासारखं, बाहेरून हिरवं, आतून लाल. लोक खोटं बोलतात असं समजू नका, बहुतेक वेळा ज्याने पहिल्यांदा लाल दाखवलं त्याला भर मीटिंगमधे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलेलं असतं, आणि ते बाकीच्या सगळ्यांनी बघितलेलं असतं. मग पुढे कोण कशाला दाखवेल?

उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात. रंग मतावर ठेवू नका, नियमावर ठेवा, म्हणजे पुढचा माइलस्टोन (महत्त्वाचा टप्पा) पाच वर्किंग डेजपर्यंत सरकला तर पिवळा, त्याच्यावर लाल, तुमच्या धंद्याप्रमाणे आकडा बदला पण तो सगळ्यांना सारखा असू दे. दुसरं, पीएमओ हेडने वरच्या साहेबांशी आधी एकट्यात बोलून घ्यायचं की लाल दिसलं की पहिला प्रश्न 'तुला काय मदत पाहिजे' हाच विचारायचा, का झालं ते नंतर आणि केबिनमधे. हे बोलणं अवघड जातं मला माहितीय, पण ते टाळलं तर पुढचे सगळे डॅशबोर्ड फुकट.

नव्वद टक्क्यांवर अडकलेलं काम

'डिझाइन ९०% झालं' हे वाक्य तीन महिने शीटमधे बसून असतं. टक्के अंदाजाने विचारले की अंदाजानेच मिळतात. त्यापेक्षा कामाचे छोटे तुकडे करा, एक-दोन आठवड्यात हातात काहीतरी दाखवता येईल असे, आणि झालं तर शंभर, नाही तर शून्य. ड्रॉइंग सही होऊन रिलीज झालं का? नाही ना, मग शून्य. सुरवातीला लोकांना हे फार कडक वाटतं पण दोन महिन्यात सवय होते.

ज्यांच्याकडे अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाची किंमत ठरलेल्या कामाशी आणि खर्चाशी ताडून बघायची पद्धत) वापरतात त्यांच्यासाठी एक धोक्याची सूचना. समजा आजपर्यंत ५० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं ४० लाखांचं, आणि खर्च झाला ४८ लाख. तर वेळेचा निर्देशांक एसपीआय ४० भागिले ५० म्हणजे ०.८, आणि खर्चाचा निर्देशांक सीपीआय ४० भागिले ४८ म्हणजे ०.८३. इथवर ठीक. पण प्रोजेक्ट कितीही लेट असला तरी काम संपतं तेव्हा झालेलं काम आणि ठरलेलं काम सारखंच होतं, म्हणजे एसपीआय आपोआप १ कडे जातो. त्यामुळे प्रोजेक्टच्या शेवटच्या टप्प्यात एसपीआय सुधारतोय म्हणून खूष होऊ नका, तिथे माइलस्टोनच्या तारखाच बघा.

गँट चार्ट आहे, पण कामं एकमेकांना जोडलेली नाहीत

गँट चार्ट म्हणजे कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता. एमएस प्रोजेक्टमधे प्लॅन उघडायचा आणि मधल्या कुठल्याही कामाला दहा दिवस वाढवायचे. शेवटची तारीख हलली नाही आणि त्या कामाला तेवढी मोकळीकही नाही, तर त्या तारखा हाताने टाइप केलेल्या आहेत, प्लॅनचं फक्त चित्र आहे. क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती शोधायची, पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी बसवली, अमेरिकन नेव्हीचं पर्ट हे तसंच तंत्र त्याच सुमाराचं, म्हणजे पासष्ट-सत्तर वर्षं जुनी गोष्ट आहे ही, तरी आजही माझ्या हातात येणाऱ्या कितीतरी प्लॅनमधे कामांच्या मधे एक लिंक नसते.

क्रिटिकल पाथ म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याकडे कोकण रेल्वेएवढं चांगलं उदाहरण नाही. १९९० साली कॉर्पोरेशन झालं, ई. श्रीधरन प्रमुख होते, रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटरची लाइन, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, नव्वदच्या वर बोगदे. बरेचसे बोगदे सह्याद्रीच्या कठीण खडकातले होते आणि ते होत गेले, पण गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती लागली, खणायचं की परत ढासळायचं, आणि त्यात बरीच वर्षं गेली. लाइनचे बाकीचे भाग टप्प्याटप्प्याने सुरू झाले, पण आरपार गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. आता विचार करा, अशा वेळी 'प्रोजेक्ट ९५% पूर्ण' असा रिपोर्ट दिला तर तो आकड्याने बरोबरच असेल, पण मुंबईहून मडगावला निघालेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या प्रोजेक्टमधला पेडण्याचा बोगदा कुठला हे तुमच्या पीएमओमधल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

जाता जाता प्लॅनच्या कॅलेंडरबद्दल. सॉफ्टवेअरमधलं डिफॉल्ट कॅलेंडर तसंच ठेवतात आणि मग गणपतीत अर्धी टीम कोकणात, दिवाळीत व्हेंडरचं वर्कशॉप आठ-दहा दिवस बंद, होळी आणि छठला उत्तरेकडचे कामगार गावी, लग्नसराईत आणखी. हे दरवर्षी होतं, त्याला रिस्क म्हणू नका, सरळ कॅलेंडरमधे सुट्टी टाका. साइटचं काम असेल तर जून ते सप्टेंबर खोदकाम आणि काँक्रीटिंगची प्रॉडक्टिव्हिटी कमी धरा.

एकच माणूस पाच प्रोजेक्टवर

प्रत्येक कंपनीत एक-दोन जण असे असतात की त्यांच्याशिवाय काहीच हलत नाही, मशीनचे कंट्रोल्स बघणारा, सीएमएम (पार्ट मोजायचं मशीन) चालवणारा, नाहीतर सॅप सॉफ्टवेअर इंटिग्रेशनवाला. प्रत्येक प्रोजेक्टच्या प्लॅनमधे तो पन्नास टक्के दाखवलेला असतो आणि प्रोजेक्ट पाच आहेत. त्यात डिपार्टमेंट हेड वेगळं काम सांगतो आणि प्रोजेक्ट मॅनेजर वेगळं, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पीएमओने सगळी रिसोर्स शीट परफेक्ट करायच्या मागे लागू नये, ते कधी होतच नाही, फक्त अशा चार-पाच माणसांचं आणि मशीनचं पुढच्या सहा आठवड्यांचं लोडिंग काढा आणि कुणाचं काम आधी ते वरून ठरवून घ्या.

आणि याच्या मागची खरी चूक म्हणजे एकदम खूप प्रोजेक्ट सुरू करणं. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ साली सिद्ध केलेला एक साधा हिशोब आहे: चालू असलेल्या कामांना कामं पूर्ण होण्याच्या वेगाने भागा, सरासरी वेळ मिळतो. २४ प्रोजेक्ट चालू आहेत आणि महिन्याला दोन पूर्ण होतात तर एक प्रोजेक्ट सरासरी १२ महिने घेणार. वेग तोच ठेवून फक्त १६ चालू ठेवले तर आठ महिने. प्रत्यक्षात लोकांची धावपळ कमी झाल्यामुळे वेगही थोडा वाढतोच. म्हणून पीएमओच्या हातात नवीन प्रोजेक्ट थांबवून ठेवायचा अधिकार नसेल तर तो मागून घ्या, आणि मरायला टेकलेले प्रोजेक्ट बंद करायची यादी दर तीन महिन्यांनी मॅनेजमेंटसमोर ठेवा. बंद करणं म्हणजे अपयश नव्हे, तिथली माणसं मोकळी होतात.

व्हॉट्सअॅपवर वाढलेला स्कोप (कामाची व्याप्ती)

कस्टमरचा माणूस ग्रुपवर टाकतो, 'सर एक छोटासा चेंज होता', इकडून कुणीतरी अंगठा दाखवतो, आणि तीन आठवड्यांनी फिक्स्चर (पार्ट धरून ठेवायची चौकट) नवीन करावं लागतं. चेंज नको म्हणून चालत नाही, धंदा आहे, पण एक पानाचा चेंज फॉर्म असू द्या: काय बदलायचंय, किती दिवस वाढतील, किती पैसे, कोण मान्य करतंय. आणि तो दोन दिवसात परत गेला पाहिजे, पंधरा दिवस लागत असतील तर लोक परत व्हॉट्सअॅपवरच जाणार आणि त्यांना दोष देता येणार नाही.

या लहान, पण रोज दिसणाऱ्या

आधी टूल घ्यायचं आणि मग पद्धत ठरवायची, जिरा असो नाहीतर प्रिमाव्हेरा (दोन्ही प्रोजेक्टची सॉफ्टवेअर), त्यात रद्दी भरली तर रद्दीच बाहेर येणार. दोन महिन्यांच्या कामाला आणि दोन वर्षांच्या प्लांट एक्स्पान्शनला तेच चौदा टॅबचं टेम्प्लेट लावायचं, हेही नको, छोट्या कामाला एक पान पुरतं. रासी चार्टमधे (कुठल्या कामात कुणाची काय भूमिका त्याचा तक्ता) एका कामापुढे दोन नावांना 'ए', म्हणजे अंतिम जबाबदार, द्यायचा, म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची यादी) किक-ऑफला, म्हणजे प्रोजेक्टच्या सुरवातीच्या मीटिंगला, भरून परत न उघडणं तर सगळीकडेच दिसतं, त्यात प्रत्येक रिस्कपुढे एक माणूस आणि कुठली खूण दिसली की हालचाल करायची हे लिहा, आणि वरच्या तीन रिस्क दर रिव्ह्यूत वाचा, बाकीच्या महिन्यातून एकदा.

प्रोजेक्ट आधीच लाल झालाय, आता काय?

पहिली प्रतिक्रिया असते, माणसं वाढवा. आयबीएममधे सिस्टिम ३६० च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम बघितलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मधेच लिहून ठेवलंय की लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं टाकली की तो आणखी लेट होतो, कारण नवीन माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो. पॅकिंग किंवा वेल्डिंगसारखं वाटून घेता येणारं काम असेल तर माणसं जरूर वाढवा, डिझाइन आणि कोडिंगला मात्र दहा वेळा विचार करा.

त्याऐवजी पहिल्या दोन-तीन दिवसात उरलेल्या कामाची यादी नव्याने करा, जुन्या प्लॅनमधून कॉपी न करता, काम करणाऱ्या माणसांना समोर बसवून. मग क्रिटिकल पाथ काढा आणि त्यावरची कामं सोडून बाकी कशाचाही रोजचा फॉलोअप घेऊ नका. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या, काल काय संपलं, आज काय अडलंय, बस. स्कोपमधलं काय नंतर दिलं तरी चालेल हे कस्टमरबरोबर बसून ठरवा, बऱ्याचदा त्यांना सगळं एकदम नकोच असतं, प्रॉडक्शन लाइन सुरू करायला लागतं तेवढं आधी दिलं तर ते तयार होतात. जुनी बेसलाइन (मूळ ठरलेला प्लॅन) पुसून टाकू नका, नवी तिच्या शेजारी ठेवा, नाहीतर किती लेट झालो हेच नंतर कळत नाही. आणि नवी तारीख हा आढावा पूर्ण झाल्यावर एकदाच द्या, थोडी मोकळीक ठेवून, कारण कस्टमर एक मोठा उशीर समजून घेतो, दर आठवड्याला तीन-तीन दिवस सरकणारी तारीख मात्र तो फार काळ सहन करत नाही.