पिल्लाच्या कानातले माइट्स कसे गेले

रस्त्यावरून उचलून आणलेलं मांजराचं पिल्लू सारखं डोकं झटकायचं. मागच्या पायाने इतकं खाजवायचं की कानामागची कातडी सोलवटून निघाली होती. कान उलटून पाहिला तर आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, भुरभुरीत मळ. साधी घाण समजून मी कापसाची काडी घातली. ते चुकलंच, मळ आणखी आत गेला.

डॉक्टरांनी तोच मळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला: पांढुरके, वळवळणारे माइट्स, म्हणजे कानात राहणारे बारीक परजीवी! मानेवरचे केस बाजूला सारून थेट कातडीवर सेलामेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. कानासाठी साफ करायचं औषध दिलं. ते घालून कानाच्या बुडाशी हलकेच चोळायचं, पिल्लाला डोकं झटकू द्यायचं, वर आलेला मळ कापसाने टिपायचा. अंड्यातून पूर्ण माइट तयार व्हायला साधारण ३ आठवडे लागतात, म्हणून खाज थांबल्यावरही महिन्याने दुसरा डोस दिला. घरातल्या मोठ्या मांजरीलाही दिला, नाहीतर पुन्हा तेच.

एक मात्र कळकळीने सांगते, कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, जिवावर बेततं.

आता कानामागे मऊ लव आली आहे. तिथे बोट फिरवलं की पिल्लू डोळे मिटून घेतं.