एनव्हीडीएमध्ये नको असलेला शॉर्टकट स्क्रिप्टने बंद करताना

सीताबर्डीतील एखाद्या कार्यालयात डेटा एंट्री करणारी दृष्टिहीन व्यक्ती एनव्हीडीए या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने काम करते आणि दिवसभर कंट्रोल-एस दाबून नोंदी जतन करत असते. डब्ल्यू ही कळ एसच्या लगेच वर असल्याने बोट किंचित सरकले, तरी कंट्रोल-डब्ल्यू दाबले जाते आणि अनेक प्रोग्राममध्ये समोरची खिडकी बंद होते. असा शॉर्टकट त्या एकाच प्रोग्रामपुरता निकामी करता येतो.

आधी तो शॉर्टकट कोणाचा आहे, हे पाहावे. एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि १ दाबून इनपुट हेल्प, म्हणजे दाबलेल्या कळीचे काम फक्त सांगणारी सोय, सुरू करावी व शॉर्टकटची कळ दाबावी. तिच्या कामाचे वर्णन ऐकू आले, तर तो एनव्हीडीएचाच आदेश असतो आणि त्यासाठी स्क्रिप्टच्या फंदात पडण्याचे कारण नाही. प्रेफरन्सेसमधील इनपुट जेस्चर्समध्ये तो आदेश शोधून त्याखालचे जेस्चर, म्हणजे त्याला नेमलेली कळ, काढून टाकावे. नवशिक्यांचा आवाज अचानक घालवणारा एनव्हीडीए-एस हा आदेश असाच हटवता येतो.

कंट्रोल-डब्ल्यू मात्र प्रोग्रामचा असतो. दाबलेली कळ आधी एनव्हीडीएच्या हाती येते आणि तिला स्क्रिप्ट (ती दाबल्यावर चालणारा छोटा कोड) जोडलेली असल्यास, त्या स्क्रिप्टने जेस्चरचे सेंड फंक्शन वापरून पुढे पाठवल्याखेरीज ती प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही. आपल्याला नेमके हेच सेंड गाळायचे आहे.

सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड विभागात डेव्हलपर स्क्रॅचपॅड, म्हणजे आपण लिहिलेला कोड ठेवण्याचा फोल्डर, सुरू करावे. मग संबंधित प्रोग्राममध्ये जाऊन एनव्हीडीए-कंट्रोल-एफ१ दाबावे, म्हणजे त्याच्या फाइलचे नाव ऐकू येते. स्क्रॅचपॅडमधील ॲपमॉड्यूल्स फोल्डरात त्याच नावाची, पण शेवटी एक्सई ऐवजी पीवाय असलेली, पायथन भाषेतील फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात तयार करावी. तिच्यात ॲपमॉड्यूलहँडलरमधील ॲपमॉड्यूल क्लासवर आधारलेला, 'ॲपमॉड्यूल' याच नावाचा क्लास लिहावा. क्लासच्या आत 'स्क्रिप्ट' आणि अंडरस्कोर यांनी सुरू होणाऱ्या नावाचे फंक्शन असावे व त्याच्या वरच्या ओळीत लिहायच्या स्क्रिप्ट डेकोरेटरला (फंक्शनला कळ जोडणाऱ्या खुणेला) कंट्रोल-डब्ल्यूचे जेस्चर द्यावे. फंक्शनमध्ये यूआय मॉड्यूलच्या मेसेजद्वारे 'ही कळ बंद आहे' एवढे बोलवावे. कळ मुकाट्याने गिळली गेली, तर कीबोर्डच बिघडला असा वापरणाऱ्याचा समज होतो. हा मराठी संदेश नीट उच्चारला जाण्यासाठी ईस्पीक एनजी या वाचासंश्लेषकाचा मराठी आवाज चालतो.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली की सगळेच चुकते आणि ही जागा ऐकून काम करणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये ओळींच्या इंडेंटेशनची सूचना बोलून किंवा सुरांनी देण्याचा पर्याय लावून घ्यावा. काही प्रोग्रामसाठी एनव्हीडीएमध्ये आधीच मॉड्यूल, म्हणजे अशीच एक फाइल, असते. तिथे आपली फाइल त्याची जागा घेते, त्यामुळे मूळ मॉड्यूल एनव्हीडीएबिल्टइनमधून आयात करून आपला क्लास त्यातील क्लासवर बेतावा, अन्यथा मूळ सुविधा गमावल्या जातात.

एनव्हीडीए-कंट्रोल-एफ३ ने मॉड्यूल पुन्हा वाचले जातात. त्यानंतर एखादी निरुपयोगी नोंद उघडून चाचणी घ्यावी. कधी खरोखरच खिडकी बंद करायची असेल, तर आधी एनव्हीडीए-एफ२ आणि मग कंट्रोल-डब्ल्यू दाबावे, कारण एफ२ नंतरची कळ थेट प्रोग्रामकडे जाते. ही वाट सहकाऱ्यांनाही सांगून ठेवावी.