हायब्रिड आणि फेअरवे वुडचा फटका नीट बसण्यासाठी

गोल्फमध्ये 7 आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) बरा बसतो, टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) ड्रायव्हरही (सर्वांत लांब क्लब) चालतो. पण फेअरवेवर (बारीक कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) 3 वुड (रुंद डोक्याचा लांब क्लब) काढला की चेंडू गवतावरून घरंगळत जातो आणि थोड्याच अंतरावर थांबतो. बहुतेक हौशी खेळाडूंची ही तक्रार असते, आणि त्यावर ते जोर वाढवून बघतात. जोराचा इथे काही संबंध नाही. स्विंग करताना क्लब जमिनीला कुठे टेकतो, यावर सगळं ठरतं.

गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान 42.67 मिमी असतो, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम 21 मिमीवर येतो. क्लबची खालची कड या उंचीच्या वर लागली की चेंडू टॉप होतो, म्हणजे वर न उडता घरंगळतो. 7 आयर्न साधारण 37 इंचांचा, 4 हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) 40 इंचांच्या आसपास आणि 3 वुड 43 इंचांच्या आसपास असतो. लांबी वाढते तसा चुकीला वाव कमी होतो. त्यात 3 वुडचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) सुमारे 15 अंशच असल्यामुळे, ‘हा चेंडू आपल्यालाच वर उचलावा लागणार’ असं मन सांगू लागतं.

मूळ चूक ही उचलण्याचीच. उचलायला गेलं की शरीर मागे कलतं, वजन उजव्या पायावर राहतं आणि स्विंगचा तळ चेंडूच्या मागे सरकतो. मग क्लब एकतर चेंडूआधीच मातीत घुसतो (फॅट), नाहीतर तळ ओलांडून वर येताना चेंडूच्या डोक्यावर लागतो (टॉप). दोन्ही फटके वेगळे दिसले तरी दुखणं एकच आहे, म्हणून उपायही एकच: स्विंगचा तळ पुढे आणायचा. चेंडू वर नेण्याचं काम लॉफ्ट करतो.

(पुढच्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.)

पायरी 1: आधी लाय (चेंडू कसा बसला आहे ते), मग क्लब

आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सवर बर्म्युडा गवत असतं, म्हणजे आपली हरळीच. बारीक कापलेली दाट हरळी चेंडूला खालून छान आधार देते, तिथे 3 वुड खुशाल घ्यावा. हरळी विरळ असेल आणि चेंडू जवळजवळ मातीवर बसला असेल, तर 5 वुड (सुमारे 18 अंश) किंवा हायब्रिड घ्या. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) वुडच्या रुंद डोक्याखाली गवत अडकतं. हायब्रिडचं डोकं अरुंद असल्यामुळे ते त्यातून वाट काढतं. चेंडू अर्ध्याहून जास्त बुडाला असेल तर दोन्ही क्लब बॅगेतच राहू द्यावेत आणि 9 आयर्नने बाहेर यावं. पावसाळ्यात ओल्या जमिनीत फॅट फटका जागीच मरतो, तेव्हा एक पायरी जास्त लॉफ्टचा क्लब घेतलेला बरा.

पायरी 2: उभं राहणं

3 वुडसाठी चेंडू डाव्या टाचेच्या आत साधारण 2 इंच ठेवा, 5 वुडसाठी 3 इंच. हायब्रिडसाठी तो पायांच्या मध्यापासून एक ते दोन चेंडू डावीकडे असावा. हायब्रिड ड्रायव्हरसारखा टाचेजवळ ठेवणं ही फार मोठ्या प्रमाणावर दिसणारी चूक आहे. दिसायला तो वुडचा धाकटा भाऊ असला, तरी मारायचा आयर्नसारखाच.

सुरुवातीला वजन दोन्ही पायांवर समान, किंवा डाव्यावर किंचित जास्त. हायब्रिडमध्ये हात चेंडूच्या थोडे पुढे. वुडमध्ये जवळजवळ चेंडूच्या रेषेत. वुडमध्ये हात फार पुढे ढकलू नका. शाफ्ट (क्लबची दांडी) 4 अंश पुढे झुकवला की 15 अंशांच्या लॉफ्टमधले 11च उरतात, आणि मग चेंडू वर जात नाही म्हणून पुन्हा उचलण्याचा मोह होतो. ग्रिप अर्धा इंच खाली धरली तर थोडं अंतर जातं, पण फटका फेसच्या (क्लबच्या तोंडाच्या) मध्यावर बसण्याची शक्यता वाढते. हा सौदा करण्यासारखा आहे.

पायरी 3: स्विंग

पहिला फूटभर क्लब जमिनीलगत मागे न्या. बॅकस्विंग तीन-चतुर्थांश पुरतो. खाली येताना हात सुटण्याआधी वजन डाव्या पायावर जायला हवं, आणि फटक्याच्या क्षणी त्यातलं बहुतेक तिथेच असावं. चांगले व्यावसायिक खेळाडू जमिनीवरचा 3 वुडसुद्धा दोन-तीन अंश खाली येतानाच मारतात. वुड ‘झाडूसारखा’ फिरवायचा असतो हे खरं, पण त्या झाडण्याचाही उतार किंचित खालीच असतो.

वुडने चेंडूखालचं गवत फक्त घासलं जावं. हायब्रिडने चेंडूच्या पुढे पातळसा डिव्हट (गवत-मातीचा तुकडा) निघाला तर तो बरोबर बसला समजा.

‘डोकं खाली ठेवा’ हा सल्ला मात्र इथे नडतो. डोकं दाबून धरलं की छाती वळायची थांबते, कोपरं दुमडतात, क्लब वर खेचला जातो आणि टॉप होतो, मग पुन्हा तोच सल्ला ऐकू येतो. त्याऐवजी शेवट सांभाळा. पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे, उजवी टाच वर, पूर्ण तोल डाव्या पायावर, आणि त्याच स्थितीत तीन आकडे मोजेपर्यंत थांबा. थांबता येत नसेल तर वजन मागेच राहिलं होतं.

पायरी 4: सराव

गवतावर चुन्याची सरळ रेघ ओढा. ती चेंडूच्या जागी आहे असं समजून उभे राहा आणि चेंडूशिवाय 10 स्विंग करा. क्लबचा घासलेला ठसा रेघेवर किंवा तिच्या पुढे 2 इंचांच्या आत सुरू व्हायला हवा. 10 पैकी 7 वेळा जमलं की चेंडू ठेवा: आधी 1 सेंटिमीटर उंच टीवर (हायब्रिडसाठी अर्धा), मग टी जमिनीबरोबर दाबून, शेवटी नुसत्या गवतावर. प्रत्येक टप्प्यावर तोच निकष. घाईने थेट गवतावर येणाऱ्यांचा उचलण्याचा मोह सुटत नाही.

चेंडूमागे टॉवेल ठेवून सराव करायचा असेल तर एकाच घडीचा ठेवा आणि जवळपास फूटभर मागे. आयर्नसारखा चार-पाच इंचांवर ठेवला तर चांगला फटकाही त्याला लागेल, कारण या लांब क्लबांची कमान फारच सपाट असते.

रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) रबरी चटईवर विसंबू नका. चेंडूच्या तीन इंच मागे टेकलेला क्लबही तिच्यावरून घसरत चेंडूला लागतो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. तोच फटका कोर्सवर मातीत रुततो. चटईच घ्यावी लागली तर फेसवर पावलांसाठी मिळणाऱ्या पावडरचा स्प्रे मारा, ठसा दिसतो. ठसे टोकाकडे पडत असतील तर तुम्ही चेंडूपासून लांब उभे आहात किंवा खाली येताना हात आत ओढताय. शाफ्टकडे पडत असतील तर वजन पायांच्या बोटांवर जातंय. टीवरून मारताना क्लबच्या डोक्याच्या वरच्या भागावर खूण उमटत असेल तर टी उंच आहे; हायब्रिडला अर्धा सेंटिमीटर खूप झाला.

हायब्रिड ही नवशिक्यांची सोय आहे असं अजून काहींना वाटतं. 2009च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, मिनेसोटातल्या हेझल्टीनच्या अठराव्या होलवर कोरियाच्या वाय. ई. यांग यांनी 200 यार्डांहून दूरचा चेंडू हायब्रिडनेच होलजवळ आणला, बर्डी (होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली आणि टायगर वुड्सला मागे टाकून स्पर्धा जिंकली.

कोर्सवर एवढं करा: चेंडूशेजारी, तशाच लायवर, दोन सराव स्विंग घ्या आणि क्लब गवताला कुठे घासतो ते बघा. डाव्या टाचेच्या आत, ठरलेल्या जागी घासला तर पुढे होऊन मारा. मागे घासला किंवा हवेतूनच गेला, तर तिसरा स्विंग घ्या. तोही चुकला तर वुड ठेवून हायब्रिड काढा.